कुंडीतल्या मिरचीची पाने रंग बदलतात तेव्हा: ठाणे आणि नवी मुंबईतील नवशिक्यांसाठी निदानाची पद्धत

बाल्कनीत मिरचीचे रोप लावणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला पहिल्याच हंगामात पिवळ्या पानाला तोंड द्यावे लागते, आणि त्यावर सहसा एकच उपाय केला जातो: खत घातले जाते. रोपवाटिकेत फोटो दाखवला तरी "झाडाला ताकद कमी पडतेय, हे टाका" असे म्हणून एक पुडी हातात दिली जाते. ही सवय मोडावी, एवढाच या लेखाचा आग्रह आहे. ठाण्याच्या आणि खाडीपलीकडच्या दमट हवेत, कुंडीतल्या मर्यादित मातीत, पानांच्या रंगाची तक्रार अन्नाच्या तुटवड्यापेक्षा पाण्यातून आणि मुळांतून जास्त वेळा उद्भवते. आणि मुळे आजारी असताना घातलेले खत रोपाला मिळत तर नाहीच, उलट मातीत क्षार होऊन साचते. म्हणून खालील पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने कराव्यात. खताचा विचार मुद्दाम उशिरा ठेवला आहे.

उदाहरण म्हणून मिरची घेतली आहे, कारण ती घरोघरी असते आणि तिच्या पानांवर जवळजवळ प्रत्येक दोष स्पष्ट उमटतो. टोमॅटो आणि वांगी तिच्याच कुळातील असल्यामुळे त्यांनाही हीच पद्धत बहुतांशी लागू पडते.

काळजीचे कारण नसलेली पिवळी पाने

बी रुजल्यावर येणारी पहिली दोन गुळगुळीत पाने म्हणजे बीजदले होत. खरी पाने वाढू लागली की ती पिवळी पडून गळतात, आणि ते योग्यच आहे. रोप मोठे होऊन फळे धरू लागल्यावर बुंध्याजवळचे, सावलीत गेलेले एखादे पान अधूनमधून पिवळे होणे हेही स्वाभाविक आहे. काही वाणांच्या खोडावर पेरांशी जांभळी छटा असते. तिला स्फुरदाची (फॉस्फरसची) कमतरता समजून घाबरून जाणारे बरेच जण भेटतात. ती छटा केवळ पेरांपुरती असेल आणि पाने हिरवीगार असतील, तर तो त्या वाणाचा गुण आहे. नुकतेच कुंडीत हलवलेले रोप चार-पाच दिवस मलूल दिसते, त्यालाही काही करू नये.

पहिली पायरी: रंग कोठून बदलू लागला

हातात मोबाईल घेऊन तीन फोटो काढावेत: संपूर्ण रोपाचा, अगदी खालच्या पानांचा आणि शेंड्याचा. या तीन फोटोंतून निम्मे निदान होते. नत्र (नायट्रोजन), स्फुरद, पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये रोपाच्या आत एका जागेहून दुसऱ्या जागी नेता येतात. ती कमी पडली की रोप आपल्या जुन्या पानांतून ती काढून घेते आणि वाढत्या शेंड्याकडे पाठवते, त्यामुळे खालची पाने आधी बिघडतात. लोह, कॅल्शियम, जस्त, बोरॉन यांचे तसे नसते. एकदा पानात बसली की ती सहजी हलत नाहीत, म्हणून त्यांची उणीव सर्वांत कोवळ्या पानांवर दिसते. गंधकही याच बाजूला झुकते.

तेव्हा पहिला प्रश्न "कोणते खत?" असा नसून "जुने पान की नवे?" असा असावा. याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पान उजेडासमोर धरावे: पिवळेपणा सर्वत्र सारखा पसरला आहे, की शिरा हिरव्या राहून मधला भाग फिका पडला आहे, की फक्त कड करपली आहे? आणि बदल संपूर्ण रोपावर सारखा आहे, की एका बाजूला किंवा एकाच फांदीवर आहे? एकाच बाजूचा दोष अन्नद्रव्याचा क्वचित असतो. तेथे ऊन, वारा, कीड किंवा मोडलेली फांदी शोधावी.

दुसरी पायरी: कुंडी उचलून पाहणे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी हीच बहुतेक जण गाळतात. बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घालावे, कारण वरचा थर कोरडा असून खाली चिखल असणे आपल्याकडे नेहमीचे आहे. त्यानंतर शक्य असल्यास कुंडी दोन्ही हातांनी किंचित उचलावी. पाणी घातल्यानंतरचे वजन आणि दोन दिवसांनंतरचे वजन यांतील फरक एकदा हाताला समजला की पुढे बोट घालण्याचीही गरज राहत नाही.

माती ओली आणि रोप तरीही मलूल, अशी जोडी दिसली तर मुळे गुदमरली आहेत असे समजावे. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतील पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या तर मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती अन्न आणि पाणी शोषू शकत नाहीत, आणि मग पुरेसे खत असूनही पाने खालून वर पिवळी होत जातात. मान टाकलेले रोप पाहून तहान लागली असे वाटते आणि त्यात आणखी एक तांब्या ओतला जातो. असल्या उपचाराने मेलेली रोपे तहानेने मेलेल्या रोपांपेक्षा कितीतरी जास्त असावीत.

खात्री करायची असेल तर रोप मातीच्या गोळ्यासह हलकेच बाहेर काढावे. निरोगी मुळे पांढरी किंवा फिकट, आणि चिवट असतात. तपकिरी, बुळबुळीत मूळ दोन बोटांत धरून ओढले असता वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत दोऱ्याएवढा पांढरा धागा उरतो. ही मूळकुजीची खूण आहे. वास तर लपतच नाही: चांगल्या मातीला पहिल्या पावसाचा वास येतो, कुजलेल्या मुळांना गटाराचा.

यामागे आपल्या भागातील दोन ठरावीक कारणे असतात. पहिले कारण म्हणजे नुसती लाल माती. घोडबंदर रस्त्यालगतच्या रोपवाटिकांतून मिळणारी ही माती जमिनीत ठीक असते, पण कुंडीत पाणी घालून घालून ती विटेसारखी घट्ट बसते. तिच्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळून तिचे प्रमाण एक तृतीयांशावर आणावे, आणि थोडी जाड वाळू किंवा पर्लाइटही घालावे. दुसरे कारण म्हणजे कुंडीखालची ताटली. खालच्या मजल्यावर पाणी टपकू नये म्हणून ती ठेवावीच लागते, हे मान्य आहे. परंतु पाणी घातल्यानंतर अर्ध्या तासाने ती रिकामी करणे हाही पाणी घालण्याचाच भाग मानावा. ताटलीत दोन विटांचे तुकडे ठेवून कुंडी उंच केली की निम्मा प्रश्न सुटतो, आणि पावसाळ्यात डासांची अळी होऊ नये म्हणूनही हे आवश्यक आहे.

जुलै महिन्याचा विचार वेगळा करावा लागतो. सांताक्रूझच्या वेधशाळेत एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला जातो. नैर्ऋत्येकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेल्या बाल्कनीत तो तिरका होऊन थेट कुंडीत पडतो. अशा कुंडीत दोन भिन्न दोष सारखेच दिसतात. पाणी तुंबले असेल तर मुळे गुदमरतात. पाणी भराभर निचरून जात असेल तर ते आपल्यासोबत नत्र धुऊन नेते आणि रोप भुकेले राहते. दोन्हींत खालची पाने पिवळी होतात. फरक असा, की पहिल्या प्रकारात पाने लोंबतात आणि मातीला वास येतो, तर दुसऱ्यात पाने ताठ असून सरसकट फिकी दिसतात आणि वाढ मंदावते. पहिल्याला कोरडी जागा हवी, दुसऱ्याला हलके खत. उलटसुलट उपचार केला तर रोप हातचे जाते.

मुळे थोडीच कुजली असतील तर काळी मुळे कात्रीने कापून, रोप नव्या सैल मिश्रणात लावून, आठवडाभर थेट ऊन आणि पाऊस यांपासून दूर ठेवावे. मुळे कमी केली तितकी वरची काही पाने आणि सर्व फुले व फळेही काढावीत. या काळात खत अजिबात नको.

पाणी कोणते आहे

नवी मुंबई महानगरपालिकेचे पाणी मुख्यतः मोरबे धरणातून येते, तर ठाण्याला भातसा नदीच्या खोऱ्यातील पाणी मिळते. दोन्ही ठिकाणी ते पावसाचे साठवलेले, तुलनेने कमी क्षारांचे पाणी असून मिरचीला चांगले मानवते. अडचण होते ती एप्रिल-मे महिन्यांत, सोसायटीच्या टाकीत टँकरचे किंवा बोअरचे पाणी मिसळले जाते तेव्हा. नळाची तोटी पांढरी पडत असेल, साबणाला फेस येत नसेल, तर कुंडीतही तेच क्षार जमत आहेत. खूण पाहायची झाल्यास पानांची टोके व कडा तपकिरी आणि कुरकुरीत होतात आणि मातीच्या वर किंवा कुंडीच्या काठावर पांढरट पापुद्रा धरतो. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजण्याचे छोटे यंत्र काही शे रुपयांत मिळते. ३०० पीपीएमच्या आतले पाणी निर्धास्त वापरावे, ८०० च्या वर गेलेले पाणी मिरचीसाठी टाळावे.

घरातील आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी झाडांना घालावे की नाही, यावर सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटांत दर उन्हाळ्यात वाद होतो, पण गणित सोपे आहे. यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देऊन दोन लिटर बाहेर टाकत असेल, तर बाहेर पडणाऱ्या पाण्यात मूळ पाण्याच्या सुमारे दीडपट क्षार असतात. मूळ पाणी १०० पीपीएमचे असेल तर १५० ने काहीही बिघडत नाही; मूळ पाणीच बोअरचे ७०० चे असेल तर १००० च्या वर गेलेले पाणी कुंडीत ओतणे म्हणजे रोपाला मिठाचे पाणी पाजणे होय. एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्याची गोष्ट याच्या उलट आहे. त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे ते अपायकारक नाही, पण कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही त्यातून मिळत नाही. कोकोपीट जास्त असलेल्या कुंडीला महिनोन्‌महिने फक्त हेच पाणी दिले तर या दोन्हींची उणीव दिसू लागते.

क्षार साचलेली कुंडी धुऊन काढता येते. कुंडीच्या आकारमानाच्या दोन ते तीन पट चांगले पाणी हळूहळू ओतून ते खालून निथळू द्यावे. हे काम बाथरूममध्ये करावे. बाल्कनीत केले तर खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गढूळ पाणी पडून निदानाऐवजी भांडणच हाती येते.

तिसरी पायरी: पानाची पाठ

पान नेहमी उलटून पाहावे. मिरचीवरील बहुतेक किडी पानाच्या खालच्या बाजूला राहतात. दहापट मोठे दाखवणारे भिंग असल्यास उत्तम, नसल्यास मोबाईलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढावा आणि मग तो मोठा करून पाहावा. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे पांढऱ्या कागदावर फांदी झटकणे. कागदावर पडलेले कण धूळ असतील तर स्थिर राहतील. बारीक, लांबट, पिवळसर रेघांसारखे जीव पळू लागले तर ते फुलकिडे. टाचणीच्या टोकाहून लहान ठिपके संथपणे सरकू लागले, आणि बोटाने चिरडल्यावर लालसर रेघ उमटली, तर तो लाल कोळी.

लाल कोळी मार्च ते मे या कोरड्या दिवसांत बळावतो, विशेषतः उंच मजल्यांवरच्या पावसाचा थेंबही न लागणाऱ्या, उन्हाने तापलेल्या बाल्कन्यांत. पानावर आधी पिठाच्या चाळणीतून पडल्यासारखे असंख्य फिके ठिपके दिसतात, मग पूर्ण पान निस्तेज, राखाडी-पिवळे होते आणि शेवटी फांद्यांच्या बेचक्यांत बारीक जाळी दिसते. याला लोक हमखास नत्राची कमतरता समजतात.

शेंड्याची पाने आकसली असतील तर वळण कोणत्या दिशेला आहे ते पाहावे. कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखे झाले असेल तर फुलकिड्यांचा संशय घ्यावा. कडा खाली वळल्या असतील, पान अरुंद आणि देठ लांबट झाला असेल, तर पिवळा कोळी, जो नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. शेतकरी या दोन्हींना मिळून चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात, पण उपाय मात्र वेगळे आहेत: पाण्यात विरघळणारे गंधक कोळ्यावर चालते, फुलकिड्यांवर त्याचा भरवसा धरता येत नाही. फुलकिड्यांसाठी निंबोळी अर्क किंवा कडुनिंबाचे तेल दर सहा-सात दिवसांनी, पानांच्या पाठीवर पोहोचेल असे फवारावे आणि सोबत निळे चिकट सापळे लावावेत.

पाने चिकट लागत असतील आणि त्यांच्यावर काजळीसारखा थर असेल तर मावा, पांढरी माशी किंवा पिठ्या ढेकूण शोधावा. काजळी ही त्यांच्या गोड स्रावावर वाढलेली बुरशी असते. ती ओल्या फडक्याने पुसून निघते, पण कीड राहिली तर परत येते. मुंग्या रोपावर चढत असतील तर त्या याच स्रावासाठी येतात.

फवारणीचे प्रमाण सांगायचे तर कडुनिंबाचे तेल लिटरभर पाण्यात ५ मिली, त्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे चार-पाच थेंब. ८० टक्के विद्राव्य गंधक लिटरला २ ग्रॅम. तेल आणि गंधक यांच्या फवारण्यांत निदान दोन आठवड्यांचे अंतर असावे, आणि पारा ३२ अंशांच्या वर जाणार असेल त्या दिवशी गंधक वापरू नये, नाहीतर पाने त्यानेच भाजतात. आपल्याकडे याचा अर्थ असा, की उन्हाळ्यात ते जवळजवळ वापरताच येत नाही, आणि लाल कोळ्यासाठी रोज सकाळी पानांच्या पाठीवर पाण्याचा जोरदार फवारा मारणे हाच खरा उपाय उरतो. शेतीसाठीची जहाल कीटकनाशके घराच्या बाल्कनीत आणण्याचे मात्र कोणतेही कारण नाही. तीच मिरची आपण फोडणीत घालणार असतो.

चौथी पायरी: आता अन्नद्रव्ये

माती योग्य ओलसर, मुळे पांढरी, पानांच्या पाठी स्वच्छ आणि तरीही रंग बिघडलेला, असे असेल तरच येथवर यावे.

जुनी पाने सरसकट, शिरांसह पिवळी होत असतील तर नत्र कमी आहे. अर्धवट कुजलेले कंपोस्ट घातल्यावर हे हमखास दिसते, कारण ते कुजवणारे जिवाणू मातीतील नत्र आधी स्वतःच वापरतात. सोसायटीतील ओल्या कचऱ्याचे खत हाताला गरम लागत असेल किंवा त्यात भाज्यांची साले ओळखू येत असतील, तर ते अजून तयार झालेले नाही. यावर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश समान असलेले) हे विद्राव्य खत लिटरला १ ते २ ग्रॅम या प्रमाणात दर दहा-पंधरा दिवसांनी द्यावे, किंवा मूठभर निंबोळी पेंड मातीत मिसळावी. पेंडीचा परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात.

जुन्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. फळे लगडल्यावर आणि कोकोपीट जास्त असलेल्या कुंडीत हे वारंवार होते, कारण न धुतलेल्या कोकोपीटमध्ये पालाश भरपूर असते आणि पालाशाचा अतिरेक मॅग्नेशियम शोषू देत नाही. केळ्याच्या सालींचे पाणी रोज घालणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. मॅग्नेशियम सल्फेट लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात संध्याकाळी पानांवर फवारावे आणि आठवड्याने पुन्हा एकदा. जुन्या पानांची फक्त कड पिवळी होऊन करपत असेल तर पालाशाची कमतरता असू शकते, पण क्षारांनीही कडा करपतात. पांढरा पापुद्रा दिसत असेल तर पालाश न घालता कुंडी धुवावी.

नवी पाने लिंबासारखी पिवळी आणि त्यांत हिरव्या शिरांची बारीक जाळी, ही लोहाची खूण. येथे थोडे थांबावे लागेल, कारण लाल मातीचा लाल रंगच मुळी लोहाच्या संयुगांमुळे असतो. मग लाल मातीतल्या रोपाला लोह कमी कसे पडते? बहुतेक वेळा लोह मातीत असते, पण रोपाला घेता येत नाही. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) ७ च्या वर गेला की लोह न विरघळणाऱ्या रूपात जाते, आणि मुळे ओलीने गुदमरलेली असली तर असलेले लोहही ती घेऊ शकत नाहीत. सामू वाढवणाऱ्या गोष्टी आपल्या आसपास मुबलक आहेत: नवीन इमारतींच्या परिसरातून उचललेल्या मातीतला सिमेंट-चुन्याचा राडारोडा, बोअरचे जड पाणी, आणि "झाडाला चांगली" म्हणून घातलेली राख किंवा चुना. सामू पाहण्यासाठी एक वाटी मातीत दोन वाट्या एसीचे स्वच्छ पाणी मिसळून अर्धा तास ठेवावे, फडक्यातून गाळावे आणि त्यात पीएच पट्टी बुडवावी. मिरचीला ६ ते ६.८ चांगला. साधे ईडीटीए स्वरूपातील चिलेटेड (रोपाला घेता येईल अशा रूपात बांधलेले) लोह ६.५ च्या पुढे मातीत फारसे टिकत नाही, म्हणून सामू जास्त असेल तर ते लिटरला अर्धा ग्रॅम एवढेच विरघळवून पानांवर फवारावे, अथवा ईडीडीएचए स्वरूपातील लोह मातीत द्यावे. हा तात्पुरता इलाज झाला. कुंडी लहान असेल तर मिश्रण बदलून टाकणे स्वस्त आणि पक्के.

कोवळी पाने वेडीवाकडी, त्यांची टोके मेलेली, आणि फळाच्या टोकाला तपकिरी खोलगट डाग, असे असेल तर कॅल्शियम नीट पोहोचत नाही. मातीत ते नसल्यापेक्षा पाणी एक दिवस भरपूर आणि दोन दिवस शून्य असे अनियमित दिल्याने हे जास्त होते. अंड्याची टरफले कुस्करून घातली तरी ती विरघळण्याआधी हंगाम संपतो.

डाग, ऊन आणि वारा

पावसाळ्यात पानावर गोल डाग पडून मध्यभाग पांढरट आणि कड गडद झाली तर तो बुरशीजन्य ठिपका. लहान, तेलकट दिसणारे काळपट डाग पडून पाने गळू लागली तर जिवाणूजन्य करपा. दोन्हींत डागाळलेली पाने काढून कचऱ्यात टाकावीत, रोपांत अंतर ठेवावे, आणि पाणी पानांवर न शिंपडता बुंध्याशी घालावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पानाच्या वर पिवळे चट्टे आणि बरोबर त्यांच्या मागे पांढरी पावडर दिसली तर ती भुरी. मिरचीत ती वरच्या बाजूपेक्षा खाली जास्त असते, म्हणून उशिरा कळते. गंधक वापरायला हा हंगाम योग्य.

ऑक्टोबर हीटमध्ये वेगळाच प्रकार दिसतो. चार महिने ढगाखाली वाढलेल्या पानांवर अचानक कडक ऊन पडते आणि उन्हाच्या बाजूची पाने कागदासारखी पांढरी भाजतात. त्या काळात दोन आठवडे ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधावी. विसाव्या मजल्यावर, खारघरच्या टेकडीसमोर किंवा घोडबंदरच्या टॉवरमध्ये वारा एवढा असतो की माती ओली असूनही पानांच्या कडा वाळतात. कुंडी ग्रिलपासून आत ओढणे पुरते. बांधकामाची धूळ पानांवर बसत असेल तर आठवड्यातून एकदा पाने धुवावीत.

उपचार करताना

एका वेळी एकच बदल करावा. कुंडी बदलली, खत घातले, फवारणी केली आणि जागाही हलवली, तर रोप सुधारले तरी कशाने ते कळत नाही आणि बिघडले तरी कळत नाही. दुसरे असे की पिवळे पडलेले जुने पान सहसा पुन्हा हिरवे होत नाही. त्याच्याकडे पाहून उपचार फसला असे ठरवू नये. उपचाराच्या दिवशी शेंड्याजवळच्या सर्वांत लहान पानाच्या देठाला सैल दोरा बांधावा. त्या दोऱ्याच्या वर येणारी पाने निरोगी असतील तर निदान बरोबर होते. मिरचीला हे दाखवायला साधारण दहा ते पंधरा दिवस लागतात, त्याआधी दुसरे काहीही करू नये. धीर न धरणारे लोक येथेच दुसरी पुडी उघडतात.

काढून टाकावे लागणारे रोप

पाने लहान आणि चुरगळलेली, शिरा जाड, हिरव्या-पिवळ्या रंगाची चित्रविचित्र नक्षी, पेरे आखूड होऊन शेंडा झाडूसारखा, आणि फुलकिडे व कोळी यांच्या उपचारानंतरही नवी पाने तशीच येत असतील, तर तो विषाणूजन्य रोग समजावा. मिरचीवरील पर्णगुच्छ विषाणू पांढरी माशी पसरवते आणि एकदा लागण झालेल्या रोपावर इलाज नाही. असे रोप उपटण्यापूर्वी त्यावर प्लास्टिकची पिशवी घालून तोंड आवळावे, म्हणजे माश्या उडून शेजारच्या बाल्कनीतील टोमॅटोवर जाणार नाहीत, आणि मग पिशवीसकट टाकावे. पर्णगुच्छ विषाणूमुळे काढलेल्या रोपाची माती फेकण्याची गरज नसते. मूळकुजीने किंवा मर रोगाने गेलेल्या रोपाची माती मात्र तशीच वापरू नये. मुळांवर गाठी दिसल्या, म्हणजे सूत्रकृमी (मुळांत राहणारे सूक्ष्म कृमी) असले, तरीही नाही. एप्रिल-मेमध्ये ती ओलसर करून पारदर्शक प्लास्टिकखाली गच्चीवर, कमी जाडीच्या थरात पसरून चार ते सहा आठवडे तापवावी. त्यानंतर ताजे गांडूळखत मिसळून तिच्यात पुढचा हंगाम मिरची, टोमॅटो किंवा वांगे न लावता कोथिंबीर अथवा झेंडू घ्यावा.